मराठवाड्यात किराणा दुकान टाकताय? आधी गावात पैसा कधी येतो ते पाहा

मोठ्या खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी पहिल्यांदाच दुकान टाकणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं किराण्याची घेतली आहेत, पण कापड, चप्पल, कटलरी, स्टेशनरी यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आमच्या भागात बंद पडलेली दुकानं आठवून पाहा. गिऱ्हाईकच नव्हतं म्हणून बंद पडलेलं दुकान क्वचित सापडेल. फळीवर माल असतो, वहीत पानंच्या पानं नावं असतात, आणि सकाळी एजन्सीची गाडी दारात आली की गल्ल्यात द्यायला पैसे नसतात. पगारदारांच्या शहरात पैसा एक तारखेला येतो. लातूर-परभणीकडे तो सोयाबीन निघालं की येतो, जालना-संभाजीनगरकडे कापूस विकला की, वसमत-हिंगोलीकडे हळद शिजून-वाळून मोंढ्यावर, म्हणजे घाऊक बाजारात, गेली की, आणि बीडच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळाली की. दुकानदाराला माल मात्र बारा महिने भरावा लागतो. या दोन्हींची सांगड कशी घालायची, हाच या धंद्यातला खरा प्रश्न आहे. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

१. जागा: आधी तिथं उभं राहा

गाळा बघायला मालकाबरोबर जाऊ नका. एकटे जा आणि सकाळी सात, भर दुपार, दिवेलागण अशा तीन वेळा जा. त्यात एक दिवस आठवडी बाजाराचा असू द्या. खेड्यात खरी विक्री माणसं शेतातून परतताना होते, म्हणून परतीच्या वाटेवरची बाजू चांगली. जवळ काय आहे तेही पाहा. शाळा, दूध डेअरी, दवाखाना, एसटीचा थांबा हे सगळं उपयोगाचंच, पण मला विचाराल तर पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा सगळ्यांत उजवा. तिथं बाई डबा लावून थांबलेली असते, आणि घरात काय संपलंय ते तिला तिथंच आठवतं.

बाजार शेजारच्या गावी भरत असेल तर त्या दिवशी तुमचं दुकान ओस पडणार हे धरून चला. तुमच्याच गावी भरत असेल तर तो दिवस आठवड्याचा राजा. अनेक ठिकाणी शेतमजुरांची आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीच हातात पडते.

दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल तर भाडं कमी करून मागा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिसच्या पुढे जातो. दुपारनंतरचं ऊन सरळ काउंटरवर येतं, चॉकलेट वितळतं, साबणाच्या वड्यांचे रंग उडतात, आणि गिऱ्हाईक दोन मिनिटं उभं राहत नाही. पत्र्याचं शेड असेल तर पुढे हिरवी जाळी किंवा छप्पर काढायचा खर्च पहिल्याच यादीत धरा.

रस्त्याकडेची सरकारी जागा फुकट दिसते म्हणून टपरी टाकू नका. रस्ता रुंद झाला की ती आधी जाते. बायपास होणार असल्याची कुजबुज असेल तर ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम खात्यात चौकशी करा, कारण वाहतूक वळली की जुन्या रस्त्यावरचं चहापाण्याचं आणि प्रवाशांचं गिऱ्हाईक एका रात्रीत जातं. गावातलं गिऱ्हाईक तेवढं राहतं.

एकसारखी दुकानं शेजारी-शेजारी असणं चांगलं की वाईट? ते मालावर आहे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि कापड, सोनं, भांडी अशा मालाच्या आपापल्या ओळी तिथं लागलेल्या असतात. साडी घ्यायला आलेलं माणूस दहा दुकानं फिरतं, त्यामुळे ओळीतलं अकरावं दुकानही चालतं. मिठाच्या पुड्यासाठी मात्र कोणी फिरत नाही. किराण्याला ओळ नको, त्याला स्वतःची आळी हवी.

गाळा पसंत पडला की करार लेखी करा आणि नोंदवा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. 'ओळखीचा माणूस आहे' हे दुकान चालायला लागेपर्यंतच खरं असतं.

२. कागदावरचं गणित

एक वही घ्या. समजा भाडं ४,००० रुपये, वीज १,२००, गाडीभाडं आणि हमाली १,८००, कर्जाचा हप्ता ३,०००. झाले १०,०००. तुमच्या घराला महिन्याला १४,००० लागतात. एकूण २४,००० रुपये नफ्यातून निघायला हवेत. विक्रीच्या शंभर रुपयांत दहा रुपये सुटतात असं धरलं तर महिन्याची विक्री २,४०,००० हवी, म्हणजे रोज ८,०००. गावातली शंभर घरं तुमच्याकडे बांधली गेली तर प्रत्येक घराने महिन्याला २,४०० रुपयांचा माल तुमच्याकडूनच घ्यायला हवा. गावात उंबरे तीनशे आणि दुकानं आधीच चार असतील, तर ही शंभर घरं तुमच्याकडे का यावीत? याचं उत्तर एका वाक्यात देता येईना तर जागा बदला, नाहीतर माल बदला.

इथं बरेच जण घसरतात. शंभरला आणून एकशेदहाला विकलं म्हणजे दहा टक्के सुटले असं वाटतं. विक्रीच्या हिशेबाने ते नऊ टक्के आणि थोडेच असतात. वरच्या उदाहरणात तेवढ्या फरकाने महिन्याला दोन हजारांहून जास्त कमी पडतात. शिवाय सगळ्या मालात दहा सुटत नाहीत. साखर, तेल यांत दोन-चार रुपये सुटले तरी पुष्कळ. मसाले, सुटी डाळ, पूजेचं सामान, कटलरी हे त्याची भर काढतात.

भांडवलातला पैसा फर्निचरात घालू नका. जुन्या रॅक मिळतात, काटा नवा घ्या. हाताशी असलेल्या पैशाचा किमान चौथा हिस्सा माल न भरता बँकेत राहू द्या. पहिल्या पावसाळ्यात तो लागतोच.

कर्जासाठी मुद्रा योजना आहे. शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, इतर समाजांसाठीही वेगवेगळी महामंडळं आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारली तर तुम्हाला कोणतं लागू पडतं ते कळेल. फक्त एक लक्षात घ्या: मुदत कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि तुमच्या गावचा पैसा दर महिन्याला येत नाही. बँक देत असेल तर कॅश क्रेडिट मागा, म्हणजे जेवढी रक्कम वापरली तेवढ्यावरच व्याज लागतं.

३. गावाचं वर्ष मांडा

भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर उतरवा आणि प्रत्येक महिन्यापुढे दोन गोष्टी लिहा. पैसा कोणाच्या हातात आहे, आणि त्या महिन्यात काय विकलं जाईल.

जून म्हणजे पेरणी. शेतकऱ्याचा रोख पैसा बी-खतात जातो, शाळा सुरू होतात आणि वहीत पहिली नावं चढतात. महागडा माल भरू नका. वह्या-पेन, चहा, साखर, तेल एवढं पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये मजेशीर उलटापालट होते. शेतकरी कोरडा असतो, पण खुरपणीची मजुरी रोज मिळत असल्याने मजुराच्या घरात रोख असते. तेव्हा पाच-दहा रुपयांच्या पुड्या जोरात विकल्या जातात. आषाढी आणि श्रावणाचं साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिरा हे वेळेत आणा. पुढे पोळा, मग महालक्ष्म्या. त्या तीन दिवसांच्या आधी बेसन, खोबरं, तूप, साखर यांची विक्री अशी होते की काट्याला उसंत नसते.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी आणि पाठोपाठ दिवाळी. वर्षभराची वसुली आणि वर्षातली सर्वांत मोठी विक्री एकाच वेळी. इथं पाऊस आडवा आला तर दोन्ही बुडतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली, तेव्हा ज्यांची उधारी 'सोयाबीन झालं की' या बोलीवर होती त्यांना पुढच्या पिकाची वाट पाहणं आलं. उलट २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. असं वर्ष आलं की लोक जेवणाचं सोडून सगळ्याला हात आखडता घेतात. म्हणून ऑगस्ट संपताना पिकं डोळ्यांनी पाहून या आणि मगच दिवाळीची ऑर्डर ठरवा.

कापूस वेचणी सुरू झाली की पैसा हप्त्या-हप्त्याने येतो. हे दुकानाला सोयीचं. लातूर, धाराशिवकडे डिसेंबर-जानेवारीत वेळ अमावस्या असते. येळवशीच्या भज्जीसाठी बेसन, शेंगदाणे, तीळ, गूळ लागतात आणि अख्खं गाव एकाच दिवशी शेतात जेवतं. आदल्या दोन दिवसांत माल संपला तर पुन्हा आणायला वेळ नसतो. मग संक्रांत आणि वाणाच्या वस्तू, तूर-हरभऱ्याचे पैसे, लग्नसराई. मार्च ते मे बायकांची वाळवणं चालतात. पापड, कुरडया, वर्षाचं तिखट, काळा मसाला. धणे, खोबरं, दगडफूल, पापडखार, हिंग यांत सुटतं चांगलं, आणि गिऱ्हाईकही रोखीचं असतं. भीमजयंती १४ एप्रिलला ठरलेली. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शेवया, खजूर, सुकामेवा यांची ऑर्डर मागच्या वर्षीच्या तारखेवरून देऊ नका.

धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांनी येतो. त्या वर्षी जावयाच्या वाणाचं सामान, अनारसे-बत्तासे आणि ताम्हणं-तबकं यांवर बाजार चालतो. पण महिना संपला की उरलेल्या मालाला पुढचा धोंडा येईपर्यंत गिऱ्हाईक नाही. कमीच आणा.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीसारख्या तालुक्यांत दुकान टाकणार असाल तर हे कॅलेंडर चालणार नाही. तिथं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते. तोडणी कामगार सहा महिन्यांचं पीठ-मीठ, तेल, तिखट, ताडपत्री, बॅटऱ्या घेऊन गाव सोडतात आणि कारखाने बंद झाल्यावर गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्या महिन्यांत दुकान अर्ध्या मालावर चालवायची तयारी ठेवा आणि मागची वसुली उचल मिळाल्याच्या आठवड्यातच करा. गाड्या निघाल्यावर काही हाती लागत नाही.

अलीकडे यात एक भर पडली आहे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २०२४ पासून बाईच्या खात्यात येतात, पीएम किसानचे २,००० चार महिन्यांनी येतात. पैसे पडल्याचे मेसेज आले की दोन दिवसांत दुकानात फरक दिसतो. तारीख मागेपुढे होते, म्हणून त्या भरवशावर माल आणू नये, पण वसुलीची आठवण द्यायला हे दिवस चांगले.

४. पहिला माल आणि मोंढा

पहिल्या खरेदीला प्रकार कमी आणि रोज लागणारे ठेवा. चहा, साखर, तेल, मीठ, तूरडाळ, हरभरा डाळ, तांदूळ, पोहे, रवा, शेंगदाणे, तिखट-हळद, कपड्याचा आणि अंगाचा साबण, बिस्किटं, अगरबत्ती, काडेपेटी. पंधरा दिवस समोर वही ठेवा, आणि गिऱ्हाईकाने मागितलेलं पण तुमच्याकडे नसलेलं तेवढंच लिहा. दुसरी ऑर्डर त्या यादीवरून जाऊ द्या. देगलूर, धर्माबादकडे तेलंगणाची सीमा जवळ आहे आणि तिथलं जेवण बदलतं, उमरग्याकडे कर्नाटकचा वारा. संभाजीनगरहून कोणी यादी दिली म्हणून ती तशीच उचलू नका. कुठं करडईचं तेल हटकून मागतात, कुठं ते महिनाभर फळीवर पडून राहतं.

मोंढ्यावर पहिले दोन महिने तीन ठोकवाल्यांकडे भाव काढा. नंतर एक मुख्य धरा आणि एक पर्यायाला ठेवा. उधारीवर माल मिळाला की गोड वाटतो, पण रोखीचा भाव वेगळा विचारा. कट्ट्यामागे वीस-तीस रुपयांचा फरक असेल तर तुमच्यासारख्या छोट्या दुकानदाराचा अर्धा नफा त्यातच असतो. कट्टा घरी आल्यावर वजन करा. तेलाचा डबा लिटरवर आहे की किलोवर ते वाचा: एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. हल्ली पाऊच वेगवेगळ्या वजनाचे येतात, तेव्हा 'अमका ब्रँड दहा रुपयांनी स्वस्त' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला पाऊचवरचे ग्रॅम दाखवता आले पाहिजेत.

डाळीची साठेबाजी करू नका. २०१५ ला तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. दोनच वर्षांनी तुरीला ५,०५० रुपये क्विंटलचा हमीभावही बाजारात मिळेना आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. मोठे आडते हे चढउतार पचवतात. छोट्या दुकानाने तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त डाळ धरू नये. पावसाळ्यात तर नाहीच, सोंडे लागतात आणि रव्याला जाळी धरते.

कंपनीच्या सेल्समनला पहिल्याच दिवशी विचारा की मुदत संपलेला आणि उंदराने कुरतडलेला माल परत घेणार का, आणि किती दिवस आधी सांगायचं. स्कीम म्हणजे 'बारावर एक फुकट'. बारा विकायला चार महिने लागणार असतील तर ते फुकट तुम्हाला महागात पडलेलं असतं. नवा माल आला की तो मागे आणि जुना पुढे लावायचा, हे पोराला शिकवून ठेवा.

गुटखा कोणी कितीही गळ घातली तरी ठेवू नका. महाराष्ट्रात तो २०१२ पासून बंद आहे, आणि पकडला गेला तर तुमच्या नावावर गुन्हा दाखल होतो. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखूजन्य काहीही विकता येत नाही. खत, बियाणं, कीटकनाशक यांनाही कृषी खात्याचा परवाना लागतो. 'दोन पोती ठेव की' म्हणणारे असतातच.

५. उधारी

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी लावून खेड्यात दुकान चालत नाही. चाललंच तर बसस्टँडवर. त्यामुळे उधारी द्यायची का हा प्रश्न सोडा. कोणाला, किती आणि कधीपर्यंत, एवढं ठरवा.

आधी उधारीची किंमत समजून घ्या. जूनमध्ये ८०,००० रुपयांचा माल उधार गेला आणि दिवाळीला, पाच महिन्यांनी, पैसे आले. खरेदीवर दहा टक्के धरले तर ८,००० सुटले. हेच ८०,००० रोखीत फिरले असते आणि माल वीस दिवसांत विकला गेला असता, तर दीडशे दिवसांत साडेसात फेरे झाले असते, म्हणजे ६०,०००. तेवढं रोख गिऱ्हाईक मिळालं असतंच असं नाही, पण निम्मे फेरे झाले तरी ३०,०००. शिवाय ठोकवाला तुम्हाला आठ-पंधरा दिवस देतो आणि तुम्ही गावाला पाच महिने देता. मधलं अंतर तुमच्या खिशातून भरलं जातं.

माझ्या मते एकूण बाहेर गेलेली उधारी खेळत्या भांडवलाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये. मग तो तिसरा हिस्सा घराघरांत वाटा. मजुराच्या घराला आठवड्याची मर्यादा, कारण त्याचा पैसा बाजाराच्या दिवशी येतो. शिक्षक, कंडक्टर, ग्रामसेवक अशा पगारदाराला महिन्याची. शेतकऱ्याला पिकाची, पण एकाच पिकाची. सोयाबीनची बाकी कापसावर ढकलली गेली की ती पुढे तुरीवर जाते आणि तिथून पाडव्यावर. आपल्याकडे सालगड्याचं वर्षही पाडव्याला बदलतं, त्यामुळे पाडवा सगळ्यांच्याच तोंडी असतो. नव्या दुकानदाराने 'पाडव्याला देतो की मालक' ऐकलं की समजावं, हे दिवाळीला मिळायचं होतं.

खातं लिहिताना दोन वह्या हव्यात, एक तुमची आणि एक खिशात मावणारी गिऱ्हाईकाची. दोन्हींत त्याच्यासमोर लिहा. मोबाइलमधलं खात्याचं अॅप वापरा, पण छोटी वही बंद करू नका, कारण घरातल्या म्हातारीचा विश्वास वहीवर असतो. प्रत्येक घरातली दोनच नावं ठरवा ज्यांनी सांगितल्यावर उधार द्यायचं. नाहीतर 'दादानं सांगितलंय' म्हणत लेकरू चिप्सचे पुडे नेतं, आणि दिवाळीला दादा म्हणतो, मला माहीतच नाही. महिनाअखेर बेरीज करून सही घ्या. कायद्याने अशी बाकी वसूल करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीत घेतलेली सही ती पुढे नेते. कोर्टात कोणी जात नाही हे खरं. पण सही असलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

मागायचं कसं, हे एक कौशल्यच आहे. पारावर चार माणसांत मागू नका. त्याचे पैसे मिळतील पण गिऱ्हाईक जाईल, आणि त्याचे भाऊबंदही. मळणीच्या आठवड्यात 'काका, किती पोती झाली? मोंढ्यावर कधी न्यायलात?' एवढं विचारा. ऐकणाऱ्याला कळतं. आडत्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) हातात आली त्या संध्याकाळी घरी जा, उद्यावर टाकू नका, कारण त्याच दिवशी खतवाला, सोसायटी आणि बचत गटाचा हप्ताही दारात असतो. पूर्ण नाही मिळाले तर निम्मे घ्या, आणि उरलेले कधी ते तारखेनिशी लिहा.

रोख पैसे उसने देऊ नका आणि बाकीवर व्याज लावू नका. परवाना नसताना सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नात्यातल्या माणसाला नाही म्हणायचं असेल तर वडिलांवर ढकला: 'अण्णांनी वही बंद केलीय'. घरातल्या एका माणसाने वाईट व्हायचं आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

६. भाव कुठं धरायचा, कुठं सोडायचा

साखर, तेल, चहा, तूरडाळ आणि एक-दोन साबण यांचे भाव गावातल्या प्रत्येक बाईला पाठ असतात. त्यावरून दुकान महाग की स्वस्त ते ठरतं. यांत शेजारच्या दुकानापेक्षा रुपयाही वर जाऊ नका, पण खालीही जाऊ नका. साखरेवर भाव पाडण्याची लढाई नव्या दुकानदाराला पहिल्या हंगामातच बसवते, जुन्याकडे रेटायला ताकद असते. कमवायचं ते जिथं भाव पाठ नसतो तिथं. पण छापील किमतीच्या वर काहीही विकता येत नाही, 'थंड केल्याचे दोन रुपये' घेऊन बाटलीही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटं अशा पुष्कळ वस्तूंवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हा लोक छापील किंमत वाचायला आणखी सरावले.

जिल्ह्याच्या मोठ्या स्टोअरमधून महिन्याचं सामान भरणारी घरं वाढत आहेत. त्यांच्याशी भावात टक्कर देता येणार नाही. पण त्या घरात वीस तारखेला तेल संपतं, पाहुणे अचानक येतात, म्हाताऱ्या आईला कोणी दारात सामान आणून द्यावं लागतं, आणि एक पाव किलो रवा हवा असतो. पहाटे सहाला उघडं आणि रात्री दहाला हाक मारली तर उघडणारं दुकान त्या घरालाही लागतं. सुटं वजन करून देण्याचा कंटाळा करू नका, वजनात कधी हात मारू नका. गावात ती गोष्ट आठवड्यात पसरते आणि मग कितीही वर्षं जात नाही.

७. कागदपत्रं

हे सगळं आधीच उरकून घ्या. दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन नोंद करायची, ज्याला लोक अजून गुमास्ता म्हणतात. कामगार थोडे असतील तर नुसती सूचना पुरते. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी किंवा विक्रीप्रमाणे परवाना, त्याचा चौदा आकडी क्रमांक दुकानात दिसेल असा लावा. काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी वर्षाची विक्री ४० लाखांच्या वर गेली की लागतो. दीड कोटीपर्यंत जीएसटीची कंपोझिशन योजना घेऊन एक टक्का भरता येतो, मात्र गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या २०१८ पासून बंद आहेत, कागदी पुड्या बांधायला शिका.

८. रोजचा गल्ला आणि पाडव्याचा ताळेबंद

रात्री दुकान वाढवताना चार आकडे लिहा: रोख विक्री, मोबाइलवर आलेले पैसे, आज दिलेली उधारी, आज आलेली वसुली. क्यूआर कोडवरचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका. दुकानाचं वेगळं खातं उघडा. स्पीकर दिवसभर ओरडतो, पण महिनाअखेर पैसे गेले कुठं ते कळत नाही. घरी नेलेला साबण, तेल, चहा खरेदीच्या भावाने लिहा. गल्ल्यातून घरातल्या प्रत्येकाने हवं तेव्हा काढायचं ही सवय मोडणं सर्वांत अवघड, कारण ते पैसे कोणी चोरलेले नसतात. स्वतःला ठरलेला पगार द्या, एकाच तारखेला.

गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी दुकान बंद ठेवून माल मोजा. खरेदीच्या भावाने मालाची किंमत, बँकेतली रक्कम आणि येणं असलेली उधारी यांची बेरीज करा, त्यातून ठोकवाल्यांचं देणं वजा करा. उधारीतली सहा महिन्यांपेक्षा जुनी नावं शून्य धरून बेरीज पुन्हा एकदा करा. दुसरा आकडा सुरुवातीच्या भांडवलापेक्षा कमी आला तर पुढच्या पेरणीत त्या जुन्या नावांना नवं पान देऊ नका आणि पावसाळ्याचा माल निम्म्यावर आणा. जास्त आला तर आधी ठोकवाल्याची बाकी मिटवा, मग मे महिन्यासाठी फ्रीज. तोही विकत घेण्याआधी शीतपेयाच्या एजन्सीला विचारा. विक्री बरी असलेल्या दुकानाला ते स्वतःचा फ्रीज ठेवायला देतात, विजेचं बिल तेवढं तुमचं.